वाचनालयाच्या दिव्याचे बिल

गेल्या पावसाळ्यात केरळमधील एका खेड्यातील वाचनालयात ‘बालवेदी’ची मुले स्वतः लिहिलेल्या गोष्टी वाचून दाखवीत होती. वह्या तपासत होते एक निवृत्त शिक्षक, अर्थातच विनावेतन.

१९४५ मध्ये पी. एन. पणिक्कर यांनी ४७ वाचनालये एकत्र आणली, ती स्वयंसेवकांच्या बळावर. १९८९ च्या कायद्याने या चळवळीला मालमत्ता करावरील ग्रंथालय उपकराची जोड दिली. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तेथील गावोगावची वाचनालये अनुदानाकडे डोळे लावून बसतात. स्वयंसेवक वेळ देतो. पण विजेचे बिल त्यानेच का भरावे?

माझ्या सेवाकाळात वाचनालयांच्या अनुदानाची एक फाईल माझ्याच टेबलावर आठ महिने पडून होती. शेरा क्षुल्लक होता. शिक्षकांनी चहा पुढे करीत विचारले, “सर, आपण कोणत्या खात्यात होता?”