व्यसनी स्वभाव : जन्माचा कीं संवयीचा?

संस्कृतांत ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. मराठींत आपण तो दारू, तंबाखू, जुगार यांच्या नादास लावतों. तरी मूळचा अर्थ त्यांतून गेलेला नाहीं. लोह्याच्या बाजारांत कोणी झिंगून पडलेला दिसला म्हणजे लोक सहज म्हणतात, “त्याचा स्वभावच तसा, जात्याच व्यसनी!” हें म्हणणें कितपत खरें, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

व्यसनी मनुष्याचा असा एकच ठराविक स्वभाव मानसशास्त्रज्ञांस आढळलेला नाहीं. उतावळेपणा, थराराची हौस, मनांतील सततची काळजी यांमुळें धोका वाढतो, हें खरें. दारूच्या बाबतींत त्या धोक्यांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारें निम्मा असतो, असेंही संशोधन सांगतें. परंतु बियाणें घरांत आहे म्हणून पीक उभें राहत नाहीं. त्यास पेरणी व पाणी लागतें. मित्राचा आग्रह ही पेरणी; रोजची संवय हें पाणी.

संवय जडते कशी? मादक पदार्थानें मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य वाजवीपेक्षां अधिक स्रवतें. मेंदू त्यास सरावला कीं पहिली मात्रा पुरत नाहीं. मग मात्रा वाढते, आणि अखेर मनुष्य सुखासाठीं नव्हे, तर तळमळ शमविण्यासाठीं पितो. मनास आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीच्या सुमारास पक्व होतो. म्हणून शाळकरी वयांतील पहिली चिमूट विशेष घातक. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटखाबंदी झाली खरी. पण पुडी नाकारणें हें ज्याचें त्यासच करावें लागतें.

राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील सुधाकर बुद्धिमान वकील, मोठा मानी. कोर्टांतील अपमान विसरण्यासाठीं तो पहिला प्याला उचलतो, आणि त्यांत त्याची अब्रू, साध्वी सिंधू व तान्हें मूल, सारींच बुडतात. पिणारा एक, बुडणारे अनेक! ज्या घरीं बाप पितो, तेथें प्रथम किराणा कमी होतो, मग वह्यापुस्तकें. आणि संध्याकाळीं त्याची चाहूल लागतांच मूल पुस्तक मिटून कोपऱ्यांत बसतें. त्या मुलाचा यांत कांहींच अपराध नसतो, हें त्यास कोणीं तरी सांगितलें पाहिजे.

सुटका आहे काय? आहे. १९८६ सालीं डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पुण्यास ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र काढलें. तेथें व्यसनांतून बाहेर पडलेलीं माणसेंच नव्या रुग्णांस हात देतात. स्वभाव हा जर दगडावरील रेघ असता, तर असे हात मिळालेच नसते. मात्र अनेक वर्षांची दारू एकाएकीं तोडणें जिवावर बेतूं शकतें. म्हणून वैद्यकीय सल्ला आधीं घ्यावा.

विद्यार्थ्यांनो, पहिल्या आग्रहास ‘नाहीं’ म्हणतांना संकोचूं नका. आणि घरचें दुःख असह्य झालें, तर विश्वासाच्या वडील माणसाजवळ मन मोकळें करा. पालकांनो, चुकलेल्या मुलास ‘व्यसनी’ हा शिक्का मारून दार लावूं नका. शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राच्या दाखल्यांत मुलगा अजून दूर असतांनाच बाप धांवत सामोरा जातो. शिस्त हवीच, परंतु परतणाऱ्यास वाट दिसेल इतका दिवा दारांत तेवत असूं द्यावा.