पट्टी नको, पत्रा लावा

सकाळी ७.३०

मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी भागाचं, काम थंड इंजिनावरच करायचं, हा आमच्या धंद्यातला नेम. तापलेल्या स्टडवर पाना जोरात चालवला की तो मधेच तुटतो आणि मग तुटका तुकडा हेडमधून काढण्यात दिवस जातो. म्हणून एप्रिल लागला की मी अमरावतीच्या राजापेठेतलं गॅरेज साडेसातलाच उघडतो. उन्हाळ्यात दुपारी अमरावती-अकोल्याचा पारा ४५ ला टेकतो. मग गाडी तासभर बंद ठेवली तरी बोनेटखालचं लोखंड हात लावू देत नाही.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली की पहिली दोन मिनिटं फक्त ऐकायचं. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर थंडपणी ‘टिक टिक’ येते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते आणि आवाज जातो. गाडीवाला दुपारी येऊन म्हणतो, ‘सकाळी वाजत होती, आता चांगली हाय.’ चांगली नसते. अशी गाडी मी रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी स्वतः सुरू करतो.

सकाळी ९.३०

साईनगरकडचा एक पोरगा आला. गाडी तीन वर्षांची, पेट्रोल, बीएस-६. हातात ऑनलाइन मागवलेला उष्णतारोधक पट्टीचा गुंडाळा आणि तो आवळायच्या स्टीलच्या पट्ट्या. ‘काका, हे मॅनिफोल्डले गुंडाळून द्या न मले. उन्हाळ्यात गाडी लय जड चालते. आतली गरमी कमी झाली की पिकअप येते म्हन्तात.’

त्याची तक्रार खोटी नव्हती. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते. तेवढा प्राणवायू इंजिनाला कमी मिळतो, वर एसी चालू. गाडी जड वाटणारच. पण ती गरम हवा वऱ्हाडच्या आभाळातली आहे, मॅनिफोल्डची नाही. मी बोनेट उघडून त्याचा हात हवा ओढणाऱ्या नळीवर ठेवला. तिचं तोंड पुढच्या जाळीमागे, बाहेरच्या हवेत असतं. गाडी धावत असताना तिला मॅनिफोल्डची धग लागतच नाही. अकोला रोडवर तर नाहीच. तिथे ऐंशीच्या वेगानं जाताना वाराच सगळी धग मागे फेकतो. धग साचते ती राजकमल चौकात गाडी उभी राहते तेव्हा. तिथे रेडिएटरचा पंखा नीट चालायला हवा आणि एसीच्या कंडेन्सरची जाळी धुळीनं बुजलेली नको.

ही पट्टी आली रेसच्या गाड्यांमधून. तिथे मॅनिफोल्ड पातळ नळ्यांचा असतो. पट्टी गुंडाळली की धूर आत गरम राहतो, गरम राहिला की वेगानं बाहेर पळतो आणि सिलिंडर लवकर मोकळा होतो. रेसच्या गाडीचं इंजिन पुन्हापुन्हा खोललं जातं, नळ्या खराब झाल्या तर नव्या येतात. तिथे हा हिशेब बसतो. घरच्या गाडीचा मॅनिफोल्ड मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत टिकायला हवा.

मी त्याला विचारलं, ‘बाहेर जाणारी गरमी तू आत कोंडतोस, तर ती जाते कुठं?’ ती लोखंडातच राहते. उघडा मॅनिफोल्ड आपली बरीच उष्णता वाऱ्याला देतो. गुंडाळला की तोच मॅनिफोल्ड जास्त तापतो, जास्त फुगतो, निवताना जास्त आकसतो. बीड या ओतीव लोखंडाला ताण सोसवत नाही. ते वाकत नाही, तडकतं. साधं स्टील पपड्या धरतं. स्टेनलेससुद्धा साधारण ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात फार काळ राहिलं तर त्याची गंज रोखायची ताकद घटते. शिवाय काचेच्या तंतूंची साधी पट्टी सुमारे ५५० अंशांपर्यंत टिकते, आणि पेट्रोल इंजिनावर भार आला की आतला धूर ८०० च्या पुढे जातो. दगडाच्या तंतूंच्या पट्ट्या जास्त सोसतात, पण त्यांच्या खालचं लोखंड तेच असतं.

त्याच्या गाडीत आणखी एक अडचण. १ एप्रिल २०२० पासून धुरावरचं बीएस-६ मानक आलं, आणि आता बहुतेक गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डला अगदी लागून बसवतात. तो साधारण २५० ते ३०० अंशांना कामाला लागतो, म्हणून त्याला लवकर तापवायचं. पण प्रमाणाबाहेर तापला तर आतली सिरॅमिकची जाळी वितळते किंवा फुटते, आणि ती बदलायच्या खर्चात पट्टीचे कितीतरी गुंडाळे येतील. काही नव्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, गुंडाळायला जागाच नाही.

पोराचं तोंड उतरलं. एअर फिल्टर बदलला, कंडेन्सर पाण्यानं धुतला, खालच्या पत्र्याचा खुळखुळणारा बोल्ट आवळला. गुंडाळा त्यानं परत नेला.

दुपारी १२

शाळा सकाळच्या झाल्या आहेत. मुलांना सोडून एक ओम्नीवाले दादा आले. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, २०१९ साली ती बंद झाली. पण अमरावतीच्या शाळांसमोर अजून उभी दिसते. तिचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं.

‘मिस्त्री, सीटखाली भट्टी पेटल्यावानी होते. कोनी सांगितलं मॅनिफोल्डले पट्टी गुंडाळा. गुंडाळता का?’

मी सीट उचलली आणि पट्टीचा विषय तिथेच बाजूला ठेवला. मॅनिफोल्डवर कंपनी जो दाबीव पत्रा देते, तो नव्हताच. आधी कुठे तरी काम झालं तेव्हा काढला असेल आणि गंजले बोल्ट परत कोण लावत बसेल म्हणून टाकून दिला असेल. इंजिनाच्या झाकणाभोवतीचं रबर कडक होऊन तुटलेलं. आणि दोन नंबरच्या सिलिंडरपाशी, गॅस्केटच्या कडेनं हेडवर काळी काजळी पसरलेली. म्हणजे धूर तिथून बाहेर येत होता आणि फाटक्या रबरातून वर, गाडीत.

मी विचारलं, ‘दादा, मुलं गाडीत कशी असतात?’

‘झोपतात जी. एक पोरगी रोज मळमळते म्हन्ते. ऊन लागते न.’

हे ऐकून माझे हात थांबले. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं आहेत, आणि वऱ्हाडात एप्रिल महिन्यात ती सगळी उन्हाच्या नावावर जातात. मी दादांना सांगितलं, उद्या मुलांसाठी दुसरी गाडी बघा आणि त्या पोरीच्या घरी हे सांगून डॉक्टरला दाखवायला लावा. ते गप्प झाले, मग लगेच फोनला लागले. माणूस चांगला आहे. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

या मॅनिफोल्डवर मी पट्टी गुंडाळली असती तर काय झालं असतं? काजळी झाकली गेली असती, तडा असता तर तोही दिसला नसता. धग थोडी कमी वाटली असती, दादा खूश होऊन गेले असते, आणि धूर त्याच फटीतून मुलांकडे जात राहिला असता. ओम्नीत टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळणंही नेहमीचं. ते तेल उघड्या मॅनिफोल्डवर पडलं की धूर दिसतो, वास येतो, माणूस सावध होतो. पट्टी ते तेल पिऊन घेते आणि एक दिवस पेट घेते. पावसाळ्यात ती पाणी पिते, ओली राहते आणि आतून लोखंड खाते. मला पट्टीचा राग आहे तो एवढ्यासाठी की तिच्यामुळे पाहायची गोष्ट दिसेनाशी होते.

दुपारी १

शटर अर्धं खाली. भाकरी, पिठलं, कांदा. इंजिन निवायला ठेवलं, स्टडवर तेल सोडलं.

माझ्या उमेदवारीच्या काळात मिस्त्री लोक जनरेटरच्या सायलेन्सरला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. ती हातानं सोडवायची, दातानं तोडायची. त्या धुळीनं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे आज जगाला माहीत आहे. कुठल्या जुन्या इंजिनावर अशी पांढुरकी दोरी दिसली तर ती कोरडी ओढू नका. आजची काचेची पट्टीही हाताळताना हातमोजे आणि मास्क लागतोच. तिचे तंतू कातडीत शिरले की दोन दिवस खाज जात नाही.

दुपारी ४.३०

नट सुटले, एकही स्टड तुटला नाही. मॅनिफोल्ड घासून पुसून पाहिला, तडा नव्हता. मात्र त्याच्या तोंडावर मोजपट्टी आडवी धरली तर मधे उजेड दिसत होता. म्हणून लेथवर पाठवून तोंड सपाट करून आणलं. नवं गॅस्केट, नवे नट. आवळताना मधून कडेला जायचं, एकदम नाही, तीन फेऱ्यांत. कंपनीचा पत्रा बाजारात शोधून आणला आणि चारही बोल्टवर बसवला.

या पत्र्याचं काम लोकांना कळत नाही. तो मॅनिफोल्डला चिकटत नाही, मधे बोटभर फट ठेवतो. धग पत्र्यावर अडते, फटीतली हवा ती वाहून नेते आणि मॅनिफोल्डही मोकळा श्वास घेतो. वायर किंवा नळी जवळून जात असेल तर तिलाच उष्णतारोधक बाही चढवायची. झाकणाला नवं रबर लावलं, कड्या घट्ट केल्या.

मग गाडी सुरू करून उष्णता मोजायची बंदूक धरली. इथे एक सांगतो: चकाकत्या पत्र्यावर ही बंदूक खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवते. म्हणून मी पत्र्यावर काळ्या रंगाचा ठिपका देतो आणि तिथे मोजतो. पट्टीच्या जाहिरातींत असे आकडे दाखवतात तेव्हा बाहेरचा आकडा दिसतो. आतल्या लोखंडाचा कोणी दाखवत नाही.

संध्याकाळी ६.३०

बडनेऱ्याकडचा एक ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र चालवणारा. त्याच्या उभ्या सायलेन्सरला ठिणगीरोधक जाळी बसवून दिली. भुशाच्या ढिगाशेजारी ती हवीच.

संध्याकाळी ७.३०

ओम्नी रात्री इथेच राहील. सकाळी थंड इंजिन पुन्हा ऐकायचं, नट पुन्हा तपासायचे, मगच किल्ली द्यायची.

शाळेची मुलं नेणाऱ्या ओम्नी आणि इकोवाल्या सगळ्या भावांना माझी विनंती आहे. इकोचं इंजिनही सीटखालीच असतं. मे महिन्यात शाळा बंद असतील तेव्हा सीट उचलून तीन गोष्टी पाहून घ्या: मॅनिफोल्डवर पत्रा आहे का, गॅस्केटच्या कडेला काजळी आहे का, झाकणाचं रबर शाबूत आहे का. आणि पालकांनो, मूल गाडीतून उतरल्यावर रोज डोकं धरत असेल, तर उन्हाला दोष देण्याआधी गाडीवाल्या दादांना सीट उचलायला सांगा.