एका वर्षाची वसाहत, चारशे वर्षांची माती

इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींचा इतिहास सांगताना दोन नावे हमखास घेतली जातात. व्हर्जिनियातील जेम्सटाऊन आणि मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ. जेम्सटाऊन १६०७ सालचे, प्लिमथ १६२० सालचे. परंतु १६०७ साली इंग्रजांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर एक नव्हे, दोन वसाहती वसवल्या होत्या. त्यांतील दुसरी आजच्या मेन राज्यात, केनेबेक नदीच्या मुखाशी उभी राहिली आणि सुमारे वर्षभरातच ओस पडली. ‘पॉपहॅम वसाहत’ या नावाने ओळखले जाणारे हे गाव पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ पुसले गेले. मात्र ज्या अपयशामुळे इतिहासाने या गावाकडे पाठ फिरवली, त्याच अपयशामुळे ते पुरातत्त्वज्ञांना अमोल वाटते.

एका सनदेची दोन अपत्ये

एप्रिल १६०६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. या कंपनीच्या दोन शाखा होत्या. लंडनच्या व्यापाऱ्यांची शाखा दक्षिणेकडे गेली आणि तिने जेम्सटाऊन वसवले. प्लिमथ, ब्रिस्टल, एक्सेटर या पश्चिम इंग्लंडमधील बंदरांच्या शाखेकडे उत्तरेचा किनारा आला. इंग्लंडचे सरन्यायाधीश सर जॉन पॉपहॅम आणि प्लिमथच्या किल्ल्याचे अधिकारी सर फर्डिनांडो गॉर्जेस हे तिचे आधारस्तंभ होते.

‘गिफ्ट ऑफ गॉड’ आणि ‘मेरी अँड जॉन’ ही दोन जहाजे शंभराहून अधिक पुरुष व मुलगे घेऊन १६०७ च्या उन्हाळ्यात निघाली आणि ऑगस्टमध्ये केनेबेकच्या मुखाशी पोहोचली. स्त्रिया त्यांत नव्हत्या. सरन्यायाधीशांचा वयस्क पुतण्या जॉर्ज पॉपहॅम वसाहतीचा अध्यक्ष झाला. दर्यावर्दी सर हम्फ्रे गिल्बर्ट यांचा तरुण मुलगा रॅली गिल्बर्ट दुसऱ्या क्रमांकावर होता. नदीकाठच्या टेकाडावर खंदक व तटबंदी घालून ‘फोर्ट सेंट जॉर्ज’ उभारण्यात आला. आत वखार, प्रार्थनामंदिर आणि घरे बांधायला सुरुवात झाली. शेजारीच सुतारांनी ‘व्हर्जिनिया’ नावाचे सुमारे तीस टनांचे गलबत बांधायला घेतले. उत्तर अमेरिकेत इंग्रजांनी बांधलेले, महासागर ओलांडणारे हे पहिले जहाज मानले जाते.

हा किनारा अर्थातच निर्जन नव्हता. वाबानाकी लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी होती. १६०५ साली जॉर्ज वेमथ या इंग्रज कप्तानाने येथील पाच जणांना पळवून इंग्लंडला नेले होते. त्यांपैकी नहानाडा आधीच परतला होता, तर स्किडवेरेस या वसाहतवाल्यांबरोबरच मायदेशी आला. तो आपला दुभाषा म्हणून उपयोगी पडेल, अशी इंग्रजांची अपेक्षा होती. जमिनीवर पाऊल ठेवताच तो आपल्या माणसांत निघून गेला. ज्यांना बळाने नेले, त्यांच्याच मध्यस्थीवर व्यापार उभा करण्याची ही कल्पना मुळातच पोकळ होती.

दालचिनीचे स्वप्न, थंडीचे वास्तव

डिसेंबर १६०७ मध्ये जॉर्ज पॉपहॅमने राजाला लॅटिन भाषेत पत्र लिहिले. या प्रदेशात जायफळ, जायपत्री आणि दालचिनी मिळते, तसेच पश्चिमेला सात दिवसांच्या वाटेवर मोठा समुद्र आहे, असे स्थानिक लोक सांगतात, असे त्याने कळवले. तो समुद्र चीनकडे नेणारा असावा, असा त्याचा कयास होता. बाहेर बर्फ पडत असताना लिहिलेले हे मसाल्यांचे स्वप्न त्या काळच्या युरोपची मनःस्थिती नेमकी दाखवते. पूर्वेचे मसाले हेच साऱ्या धडपडीमागचे आकर्षण होते. योगायोग असा, की ही वसाहत मोडकळीस येत असतानाच, ऑगस्ट १६०८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजाने सुरतेला पोहोचला. मेनच्या किनाऱ्यावर जे शोधूनही सापडणार नव्हते, त्याचा बाजार तेथे शतकानुशतके भरत होता.

अन्न अपुरे पडल्याने अर्ध्याहून अधिक माणसे हिवाळ्याच्या तोंडावरच इंग्लंडला परत पाठवावी लागली. मागे सुमारे पंचेचाळीस राहिले. फेब्रुवारी १६०८ मध्ये जॉर्ज पॉपहॅम मरण पावला आणि सूत्रे गिल्बर्टकडे आली. तरीही वसाहत उपासमारीने किंवा रोगराईने संपली नाही. जेम्सटाऊनमध्ये पहिल्या आठ-नऊ महिन्यांत १०४ पैकी जेमतेम ३८ माणसे उरली होती. त्या तुलनेत येथील मृत्यू नगण्य होते.

वसाहतीचा घात झाला तो इंग्लंडमधून आलेल्या बातम्यांनी. मुख्य आश्रयदाते सर जॉन पॉपहॅम जहाजे निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले होते. पुढे १६०८ मध्ये रॅली गिल्बर्टचा थोरला भाऊ वारल्याची खबर आली आणि वडिलोपार्जित इस्टेट सांभाळण्यासाठी त्याने परतायचे ठरवले. नेता नाही, पैसा नाही, मसाले नाहीत आणि समोर पुन्हा तसाच हिवाळा. शरद ऋतूत सर्वांनीच परतीची वाट धरली. ‘व्हर्जिनिया’ मात्र तगले. १६०९ साली जेम्सटाऊनला रसद नेणाऱ्या ताफ्यात ते सामील झाले.

१६११ साली फ्रेंच मंडळी या ओसाड किल्ल्याजवळ आली, तेव्हा त्यांच्यातील बियार नावाच्या जेझुइट धर्मगुरूने स्थानिकांची बाजू टिपून ठेवली. इंग्रजांनी आपल्याला अपमानाने वागवले, असे ते सांगत होते. इंग्रजांच्या कागदपत्रांत जे थंडीचे आणि दुर्दैवाचे वृत्त आहे, त्याला हा दुसरा पदर आहे.

स्पेनमध्ये सापडलेला नकाशा

पुढे किल्ल्याची नेमकी जागा कुठे होती, याविषयी केवळ तर्क उरले. १८६२ साली मेनमधील अभिमानी मंडळींनी या वसाहतीचा मोठा सोहळा केला. न्यू इंग्लंडची सुरुवात प्लिमथपासून नव्हे, येथून झाली, असा त्यांचा दावा होता. त्यावरून मॅसॅच्युसेट्समधील इतिहासकारांशी त्यांचा दीर्घ वाद रंगला. परंतु वादातून जागा सापडत नाही.

ती सापडण्याचा मार्ग निघाला स्पेनमधून. जॉन हंट नावाच्या वसाहतवाल्याने ८ ऑक्टोबर १६०७ ही तारीख घालून किल्ल्याचा तपशीलवार नकाशा काढला होता. त्याची प्रत लंडनमधील स्पॅनिश राजदूत पेद्रो दे झुनिगा याच्या हाती लागली आणि त्याने ती आपल्या राजाकडे धाडली. सारी अमेरिका आपलीच, असे मानणाऱ्या स्पेनला इंग्रजांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायची होती. हा नकाशा सिमान्कास येथील दप्तरखान्यात पडून राहिला आणि १८८८ साली उजेडात आला. एका हेराच्या दक्षतेमुळे इंग्रज वसाहतीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा वाचला.

मातीतले काळे डाग

१९६० च्या दशकातील चाचणी उत्खननातून फारसे हाती लागले नव्हते. १९९४ साली पुरातत्त्वज्ञ जेफ्री ब्रेन यांनी पुन्हा शोध सुरू केला. लाकडी खांबासाठी खड्डा खणला जातो, खांब कालांतराने कुजतो, पण खड्ड्यात भरलेल्या मातीचा रंग व पोत आजूबाजूच्या मातीहून वेगळा राहतो. वरचा थर काळजीपूर्वक खरवडला की हे डाग दिसू लागतात. अशा डागांची रांग जोडत जोडत ६९ फूट लांब व २० फूट रुंद अशा वखारीचा आराखडा स्पष्ट झाला. एक इमारत निश्चित होताच हंटचा नकाशा जमिनीवर जणू अंथरता आला आणि रॅली गिल्बर्टच्या घराची जागाही हुडकता आली. मातीतून डेव्हनच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे, दगडी सुरया, तंबाखूच्या चिलमी, काचमणी, बंदुकीच्या गोळ्या निघाल्या. गलबताच्या फळ्यांमधील फटी बुजवण्याचे लोखंडी हत्यारही मिळाले.

या वस्तूंचे मोल त्यांच्या कालनिश्चितीत आहे. जेम्सटाऊनमध्ये नंतर अनेक दशके माणसे राहिली, त्यामुळे तेथे थरावर थर चढले. येथे इंग्रज एकच वर्ष राहिले. किल्ल्याच्या थरात सापडलेली त्यांची वस्तू १६०७-०८ ची, हे जवळजवळ ठामपणे म्हणता येते. इंग्रजांची वसाहत पहिल्या दिवसांत कशी दिसत असे, तिने सोबत काय आणले होते, हे इतक्या निर्भेळपणे सांगणारी दुसरी जागा मिळणे कठीण.

जतन कशाचे?

या स्थळी पर्यटकाला पाहण्यासारखे फार थोडे आहे. तट नाही, बुरूज नाही. टेकडीवर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला फोर्ट बाल्डविन आहे, जवळच यादवी युद्धाच्या काळातील ग्रॅनाइटचा फोर्ट पॉपहॅम. ते डोळ्यांत भरतात. १६०७ चा किल्ला गवताखाली आहे. त्याचे जतन म्हणजे मुख्यतः त्याला हात न लावणे. उत्खनन ही एकदाच करता येणारी गोष्ट असते. खणलेला थर पुन्हा घालता येत नाही. म्हणून नोंदी करून खड्डे बुजवायचे आणि काही भाग अधिक प्रगत साधने हाती येतील त्या पिढीसाठी राखायचा, हेच शहाणपणाचे ठरते.

परंतु समुद्राला हा संयम ठाऊक नाही. जानेवारी २०२४ च्या वादळांत मेनच्या किनाऱ्याची मोठी हानी झाली. पोर्टलंड येथील भरतीमापकावर १९१२ पासूनच्या नोंदींतील सर्वाधिक पातळी नोंदली गेली. पॉपहॅमच्या वाळूच्या टेकड्यांचेही लचके तुटले. जे हिवाळ्याने एका वर्षात रिकामे केले, ते वाढत्या समुद्रापासून किती काळ राखता येईल, हा आता केवळ अभ्यासकांचा प्रश्न राहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र जमिनीबाहेर आली आहे. केनेबेकच्याच काठावरील बाथ या गावी स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून ‘व्हर्जिनिया’ची प्रतिकृती बांधली आणि जून २०२२ मध्ये ती पाण्यात उतरवली. हा प्रयत्न मोलाचा आहेच. तरी जहाज पुन्हा बांधता येते. खांबाचा कुजलेला डाग पुन्हा उमटवता येत नाही. यशस्वी शहरे स्वतःच्या खुणा स्वतःच बुजवत वाढतात. अयशस्वी गावाची एकच ठेव असते, ती म्हणजे त्याची न हललेली माती. तिची राखण करणे म्हणजे विजेत्यांच्या इतिहासात न मावलेले एक वर्ष, त्यातील पळवून नेलेल्या माणसांसह आणि खोट्या ठरलेल्या स्वप्नांसह, जपून ठेवणे होय.