शके १ साली ‘शके १’ कुणी लिहिलं?

खेडमध्ये घरोघरी भिंतीवर जी दिनदर्शिका असते तिच्यात इसवी सन, शालिवाहन शक, विक्रम संवत आणि हिजरी सन गुण्यागोविंदाने नांदतात. त्यामुळे इसवी सन ७८ मध्ये जगबुडी नदीकाठच्या माणसांनी ‘आज नवा शक लागला’ म्हणून गुढी उभारली असेल, असं सहज वाटून जातं.

त्याच वर्षाला विक्रम संवताच्या गणनेने १३५ म्हणतात. रोममध्ये वर्ष ओळखलं जाई ते त्या साली पदावर असलेल्या कॉन्सल या अधिकाऱ्यांच्या नावाने, आणि चीनच्या हान दरबारात ते च्यान्छू पर्वाचं तिसरं वर्ष होतं. सगळ्या जगाचं म्हणून एक वर्ष तेव्हा कुठेच नव्हतं.

पैठणच्या शालिवाहनाने शकांना हरवून शक सुरू केला, हा आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज. शालिवाहन म्हणजे सातवाहन धरले, तर त्यांचे स्वतःचे लेख काय सांगतात ते पाहावं. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा पुळुमावीच्या काळातला मोठा लेख आहे. त्यावरचा काळ असा: राजाचं एकोणिसावं वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. त्यात शक नाही की महिन्याचं नाव नाही. ज्या घराण्याने शक सुरू केला म्हणतात, तेच तो वापरत नाही. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

शकाची ही गणना चालवली ती सातवाहनांचे वैरी असलेल्या शक वंशाच्या पश्चिमी क्षत्रपांनी. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातल्या चालुक्य मंगलेशाच्या लेखात तर शक राजाच्या राज्याभिषेकाला ५०० वर्षं उलटल्याचं स्पष्ट कोरलं आहे. तो काळ इसवी सन ५७८ चा. शालिवाहनाचं नाव शकाला जोडलेलं दिसतं ते त्यानंतर शेकडो वर्षांनी.

‘शकात ७८ मिळवले की इसवी सन’ हा हिशोबही अर्धाच खरा. शिवराज्याभिषेक ज्येष्ठात, शके १५९६ मध्ये झाला. ७८ मिळवून १६७४ बरोबर येतं. संभाजी महाराजांची हत्या मात्र शके १६१० च्या फाल्गुन अमावास्येची, म्हणजे ११ मार्च १६८९. इथे ७९ मिळवावे लागतात, कारण जानेवारीत इसवी सन बदलतो आणि शक पाडव्यापर्यंत जुनाच राहतो. जुना कागद किंवा शिलालेख हाती आला, तर आधी महिना आणि तिथी वाचा, मगच बेरीज करा.