छेद घेण्याआधी मिश्रीची चौकशी

मी बेळगुंदीची. नोकरी बेळगावात, ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून. टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढण्याचं ऑपरेशन, म्हटलं की लोकांना सिनेमातल्या नट्या आठवतात. आमच्या टेबलावर येतात त्यांतल्या बऱ्याच जणी मात्र दोन-तीन बाळंतपणं झालेल्या, वर्षानुवर्षं भातलावणी केलेल्या. वजन उतरलेलं असतं, पण पोटाची कातडी ओघळलेली आणि मधले स्नायू फाकलेले. उताणं झोपवून मान उचलायला सांगितली की बेंबीच्या वर लांबट फुगवटा उभा राहतो.

सर्जन खुणा करतात त्या पेशंटला उभं करून. आडवं झालं की कातडी पसरते आणि ओघळ किती आहे ते कळत नाही. सैलपणा बेंबीच्या खालीच असेल तर मिनी टमी टक पुरते: छेद लहान, बेंबी जागच्या जागी. वरूनही सुटलं असेल तर पूर्ण ऑपरेशन. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद घेऊन कातडी-चरबीचा थर बरगड्यांपर्यंत उचलतात. बेंबी देठासकट पोटावरच राहते. थर खाली ओढला की तिच्यासाठी नवं भोक पाडतात. खूप वजन घटवलेल्यांना उभा छेदही द्यावा लागतो.

मला स्वतःला कातडी कापण्यापेक्षा स्नायू शिवण्याचं काम मोठं वाटतं. थर उचलल्यावर दोन उभे स्नायू आणि त्यांच्यामधला ताणून रुंद झालेला पांढरा पडदा स्पष्ट दिसतो. छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत जाड धाग्याने तो आत दुमडत शिवतात. टाके घट्ट होत जातात तशी कंबर डोळ्यांदेखत अरुंद होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष तेव्हा मॉनिटरवर असतं, कारण पोट आवळलं की श्वासाचा दाबही वाढतो. शेवटी टेबल कमरेत वाकवतात, तेव्हा कुठे कातडीच्या दोन्ही कडा जुळतात.

पद्धतींची तुलना करताना बायका व्रणाची लांबी विचारतात. खरा फरक रक्तपुरवठ्यात आहे. थर पूर्ण उचलताना स्नायूंतून कातडीकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. मग खालची कड बाजूच्या रक्तावर जगते. ब्राझीलच्या साल्दान्या यांनी २००१ साली मांडलेल्या पद्धतीत चरबी नळीने ओढून थर मोकळा करतात आणि मध्यभागी स्नायू शिवण्यापुरताच बोगदा करतात. बाजूच्या रक्तवाहिन्या शाबूत राहतात. चरबीचा थर जाड असेल तिथे मला हीच पद्धत उजवी वाटते.

पण कुठल्याही पद्धतीचा घात करणारी एक गोष्ट आपल्या भागात घराघरात आहे. निपाणी म्हणजे तंबाखूचा मुलूख. सिगारेट ओढता का, या प्रश्नावर आमच्या बायका ठामपणे नाही म्हणतात, आणि ते खरंच असतं. मी वेगळं विचारते: “मावशी, मिश्री लावता का?” “ती काय, सकाळ-संध्याकाळ दातालाच की!” भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात आणि छेदाची कड काळी पडू शकते. मिश्री निदान चार आठवडे आधी बंद हवी, नंतरही तितकीच. केसपेपरवर हा प्रश्न छापलेलाच असला पाहिजे, असं मी प्रत्येक सर्जनला सांगते.

थर उचलल्यावर त्याखाली मोकळ्या झालेल्या जागेत पाणी साचतं, म्हणून नळ्या ठेवतात. २००० साली अमेरिकेतल्या पोलॉक यांनी दुसरी वाट दाखवली: थर टप्प्याटप्प्याने खालच्या आवरणाला टाक्यांनी बांधत आणायचा. जागाच मोकळी उरत नाही, छेदावरचा ताणही कमी होतो. वेळ जास्त लागतो, पण पेशंट नळ्यांशिवाय घरी जाते.

ऑपरेशनच्या संध्याकाळीच चालवतो, वाकून का होईना. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पट्टा काही आठवडे बांधायचा आणि निदान सहा आठवडे वजन उचलायचं नाही. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, रताळ्याचं पोतं, सगळं त्यात आलं. म्हणून गावच्या बायकांना मी रताळ्यांची काढणी उरकल्यावरचीच तारीख घ्यायला लावते, आणि भेटायला येताना नवऱ्यालाही सोबत आणायला सांगते.