मुलांना रंगमंच दिला, पण बोलू दिलं का?

आजचा विषय आहे लोककला आणि मुलांचा आवाज. सुरुवात आपण नाशिकपासूनच करू.

मराठी घराघरात पोचलेलं बालपणाचं पुस्तक याच शहरात लिहिलं गेलं. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. तेव्हा त्यांचं वय होतं 33. म्हणजे मोठ्या माणसाने आठवून सांगितलेलं ते बालपण आहे. यात वावगं काहीच नाही, बहुतेक बालसाहित्य असंच असतं. पण आज दहा वर्षांच्या मुलीला आजचंच काही सांगायचं असेल, तर तिने ते कुठे सांगायचं? मोठं होऊन पुस्तक लिहीपर्यंत थांबायचं का?

आपण म्हणाल, शाळेत स्नेहसंमेलन असतं की! असतं. नाटिका बाई लिहितात, वाक्यं पाठ करून घेतात, मुलं सजून उभी राहतात आणि 'पाणी वाचवा' म्हणतात. गंमत बघा, जी मुलगी रोज दोन हंडे डोक्यावर आणते, तिच्याकडूनच आपण पाणी वाचवायचं भाषण म्हणवून घेतो. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. आपली बरीचशी संमेलनं या तीन पायऱ्यांवरच थांबतात.

मग वरची पायरी कशी दिसते? रत्नाकर मतकरींचं उदाहरण घेऊ. 1962 पासून त्यांनी मुलांसाठी नाटकं केली. 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' ही नावं आपल्याला ठाऊक आहेत. लेखक मोठा माणूस आणि प्रेक्षक मुलं, असा तो मामला होता. पण आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथे लोकवस्त्यांमधली मुलं आपल्याच जगण्यातले विषय निवडून नाटिका बसवू लागली. रंगभूमीवरची जाणती मंडळी मदतीला होती, पण गोष्ट मुलांची होती. ज्यांच्या हाताला लिहायची एवढी सवय, त्यांनी लेखणी मुलांकडे दिली, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. यासाठी थिएटर लागत नाही, आपल्या मातीत साधनं आहेत. नाशिकचा पश्चिमेकडचा आदिवासी पट्टा आणि शेजारचे जव्हार-मोखाडा इथे उन्हाळ्यात बोहाडा होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे, संबळ, पिपाणी, आणि एकामागून एक नाचत येणारी देवदेवतांची सोंगं. हे मुखवटे श्रद्धेचे आहेत, त्यांना हात लावू नये. पण ती युक्ती मुलांना घेता येते. पुठ्ठ्याचा स्वतःचा मुखवटा केला की जे तोंडाने निघत नाही ते सोंग बोलून जातं. बोललं कोण? सोंग बोललं! लाजऱ्या मुलाला एवढा आडोसा पुरतो.

कामाची रीत साधी आहे. समजा, पेठ किंवा सुरगाण्याचा एखादा पाडा आहे. पहिल्या दिवशी मुलांनी गावाचा नकाशा जमिनीवर काढायचा. कुठे जायला आवडतं, कुठे भीती वाटते, कुठे वेळ जातो, हे खडे ठेवून दाखवायचं. बहुतेक वेळा विषय तिथेच सापडतो. विहिरीची वाट असेल, किंवा द्राक्षांच्या हंगामात आई-बाप निफाड-दिंडोरीला गेल्यावर शाळा सुटणं असेल. मग मुलांनी प्रसंग करून बघायचे, तेही घरच्या बोलीत. प्रमाण मराठीचा आग्रह धरला की निम्मी मुलं गप्प होतात. लिहायचं असेल तर सगळ्यात शेवटी. मोठ्यांचं काम प्रश्न विचारायचं. 'पुढे काय झालं?' हा प्रश्न चालतो. 'यातून काय शिकलास?' हा नको, कारण मुलं लगेच आपल्याला आवडेल ते तात्पर्य देऊन मोकळी होतात.

इथे एक सावधगिरी हवी. मूल खरं बोलायला लागलं की घरातलंही बाहेर येतं. बापाचं दारू पिणं गावासमोर दाखवलं आणि रात्री मुलाला मार बसला, तर त्या कलेचा उपयोग काय? म्हणून कुणा एकाची गोष्ट जशीच्या तशी मांडू नये, चार जणांची मिसळून एक करावी. प्रयोगाच्या दिवशीसुद्धा मुलाला 'नको' म्हणता आलं पाहिजे. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर ते नाटकाचं सामान नव्हे. पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, आणि मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे.

शेवटचा मुद्दा प्रेक्षकांचा. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार 1989 चा, भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. त्याचं बारावं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत विचारात घ्यावं. नुसतं ऐकून टाळ्या वाजवल्या तर ते मत विचारात घेतलं असं होत नाही. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी नाटकाचा एक प्रकार रूढ केला. त्यात नाटक अडचणीच्या जागी थांबतं आणि प्रेक्षकातला कुणी उठून म्हणतो, 'मी असतो तर असं केलं असतं', आणि ते करून दाखवतो. आपल्याकडे हे ग्रामसभेच्या दिवशी करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यांच्यासमोर करता येईल. सरपंचांना, गुरुजींना पुढच्या रांगेत बसवावं, आणि प्रयोग संपल्यावर मुलांनी विचारावं: 'यातलं काय होईल, काय नाही होणार, आणि का?'

उत्तर 'नाही' असलं तरी चालेल, पण कारण मुलांच्या तोंडावर सांगावं. महिन्याभराने पुन्हा तेच लोक, तीच मुलं, तोच प्रश्न. विहिरीची वाट दुरुस्त झाली की नाही, हे तेव्हा कळेल. तेवढी एक तारीख प्रयोग ठरवतानाच ठरवून टाका, एवढीच आमची विनंती.