'क्लाउड'ची परीक्षा आणि घरबसल्या अभ्यास

'क्लाउड' म्हणजे ढग. या नावामुळे पुष्कळांची समजूत होते, की आपली माहिती आभाळात कुठेतरी तरंगत असते. तसे काही नाही. माहिती यंत्रांत असते आणि यंत्रे इमारतीत. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला, २०२० साली अशा यंत्रांची एक भली मोठी इमारत सुरू झाली.

आता असे पाहा. भरडखोलचा नाखवा होडीसाठी बर्फाचा कारखाना काढीत नाही. समुद्रावर जायचे असेल तेव्हा लागेल तेवढा बर्फ विकत घेतो. पावसाळी बंदीत होडी शाकारली, की बर्फ नको आणि खर्चही नको. क्लाउडचे तत्त्व हेच. संगणक लागेल तेवढा, लागेल तितका वेळ भाड्याने घ्यायचा. हे एकदा मनात ठसले, की अभ्यासाचा बराचसा भाग आपोआप उलगडतो.

अ‍ॅमेझॉनची पहिल्या पायरीची परीक्षा 'क्लाउड प्रॅक्टिशनर' या नावाची आहे. ९० मिनिटांत ६५ प्रश्न. उत्तीर्ण व्हायला १००० पैकी ७०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. फी १०० डॉलर, कर निराळा. आणि प्रमाणपत्र टिकते तीनच वर्षे. सुकी मासळी विकून मुलाला शिकवणाऱ्या घराला ही रक्कम थोडी नाही. म्हणून शिक्षकांना माझे सांगणे असे, की फी भरण्याची घाई करू देऊ नका. 'स्वयम्'वर खरगपूरच्या आय.आय.टी.चा क्लाउडचा पाठ्यक्रम विनामूल्य शिकता येतो. त्याचे प्रमाणपत्र वेगळे, पण पाया तोच.

व्हिडिओ पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे, बरं का! काठावर बसून पोहणे येत नाही. सरावाच्या खात्यावर स्वतः एक यंत्र चालू करावे, त्यावर लहानसे पान ठेवावे आणि काम झाले की यंत्र आठवणीने बंद करावे. पैसे मोजून वापरायच्या खात्यात ते चालू राहिले, तर मीटर रात्रभर फिरत राहतो. खर्चाची मर्यादा ओलांडताच इशारा मिळेल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी.

परीक्षा मराठीत होत नाही. तेव्हा वहीत डाव्या हाताला इंग्रजी संज्ञा आणि उजवीकडे आपल्या भाषेतला अर्थ लिहावा. 'अव्हेलेबिलिटी झोन' घ्या. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत पुष्कळ दिवस वीज नव्हती. सगळी कागदपत्रे एकाच कचेरीत असतील, तर अशा वेळी काम ठप्प. म्हणून मुंबईच्या केंद्रात अ‍ॅमेझॉनने एकमेकींपासून अंतरावर असे तीन झोन ठेवले आहेत. एक बंद पडला तरी दुसरा चालतो. मात्र पुष्कळ सेवांत माहितीची प्रत दुसरीकडे ठेवण्याची व्यवस्था वापरणाऱ्यालाच करावी लागते. श्रीवर्धनच्या मुलाला ही संज्ञा पाठ करावी लागू नये.

तयार प्रश्नोत्तरांच्या फायली विकणारे भेटतील. त्या घेणे नियमाविरुद्ध आहे. शिवाय मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला पितळ उघडे पडते.

परीक्षा घरूनही देता येते. परंतु खोलीत दुसरे कोणी असता कामा नये, कॅमेरा सतत चालू हवा, आणि मध्येच लाइन गेली तर पेपर बुडण्याचा धोका. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा भरवसा तो काय! एस.टी.चे भाडे पडले तरी परीक्षा-केंद्रावर आदल्या दिवशीच जावे.